एंजल्स: डागडुजी की पुनर्विकास?

अ‍ॅनहाइमकर
आपल्या एंजल्सचा, म्हणजे अमेरिकी बेसबॉलमधल्या लॉस एंजेलिसच्या संघाचा, टेलर वॉर्ड गेला. गेल्या मोसमात ३६ होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे) मारलेला माणूस बाल्टिमोर संघाला देऊन आपण पिचर (गोलंदाज) ग्रेसन रॉड्रिग्ज घेतला. पोरगा गुणी आहे, वादच नाही. पण दुखापतींपायी २०२५ मध्ये त्याने मोठ्या लीगमध्ये एकही चेंडू टाकलेला नाही. सौदा चांगला की वाईट ते नंतर बघू. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे: हा सौदा नेमका कशासाठी? यंदा जिंकायचं असेल तर ३६ होमरनवाला विकत नाहीत. आणि संघ नव्याने उभारायचा असेल तर दुखऱ्या पिचरऐवजी तीन-चार कोवळी पोरं मागतात.

एंजल्स प्लेऑफमध्ये (मोसमानंतरच्या बाद फेरीत) शेवटचे दिसले २०१४ साली. कॅन्सस सिटीने ३-० ने घरी पाठवलं. आपला माइक ट्राउट तीनदा एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू) झालाय, आणि त्याच्या नावावर प्लेऑफचे सामने तेवढे तीनच! आज ३० संघांत इतका लांबलेला दुष्काळ दुसऱ्या कुणाचा नाही. २०२४ मध्ये ९९ पराभव, संघाच्या इतिहासातला नीचांक. २०२५ मध्ये ७२ विजय, ९० पराभव, आणि त्यालाच सुधारणा म्हणायचं.

आमच्या गिरगावातल्या चाळीत दर मे महिन्यात गच्चीवर डांबर ओतायचे आणि जुलैत तिसऱ्या मजल्यावर बादल्या लागायच्याच. तेच इथे. फलंदाज रेंडनला सात वर्षांचे साडेचोवीस कोटी डॉलर दिले. २०२१ पासून एकाही मोसमात तो ५८ च्या वर सामने खेळला नाही. मोसम १६२ सामन्यांचा असतो. २०२३ च्या जुलैत आपल्या सगळ्यात मोठ्या ताऱ्याचा, ओहतानीचा, करार संपत आला होता. तेव्हा विकला असता तर अख्खी मायनर लीग (संघाची तरुण पोरांची खालची फळी) भरून निघाली असती. आपण उलट पोरं देऊन जिओलिटो आणि लोपेझ हे पिचर आणले. महिनाभरात संघ कोसळला, ऑगस्टअखेर पगार वाचवायला त्याच दोघांना वेव्हर्सवर (हवा त्या संघाने मोबदला न देता घ्यावा असं) सोडलं आणि क्लीव्हलँडने फुकटात उचललं. डिसेंबरात ओहतानी ७० कोटी डॉलरवर डॉजर्सकडे गेला. आपल्या हाती राहिला ड्राफ्टमधला (नवी पोरं निवडायच्या वार्षिक फेरीतला) एक जादा क्रमांक.

म्हणून म्हणतो, आता पाडाच. जो अ‍ॅडेलने ३७ होमरन मारलेत, भाव आहे तोवर विका. पिचर किकुची विका. किंमत आली तर तरुण नेटोसुद्धा. चार वर्षं हरू, पण ठरवून हरू.

दक्षिण_शिकागो
"ठरवून हरू" लिहायला सोपं आहे हो. आम्ही व्हाइट सॉक्सवाले ते भोगून बसलोय. डिसेंबर २०१६ मध्ये आमचा तारा पिचर ख्रिस सेल बॉस्टनला, अ‍ॅडम ईटन वॉशिंग्टनला, पुढच्या जुलैत किंटाना शिकागोच्याच कब्ज संघाला. बदल्यात तरुण पोरं: मोंकाडा, कोपेक, जिओलिटो, हिमेनेझ, सीस. ही यादी तेव्हा लोकांना तोंडपाठ होती, इतकी भारी. २०१८ मध्ये १०० पराभव हसत सोसले. मग फळ काय? २०२० आणि २०२१, दोनदा प्लेऑफ. दोन्ही मिळून जिंकलेले सामने: दोन. २०२३ मध्ये १०१ पराभव आणि २०२४ मध्ये १२१, म्हणजे १९०० नंतर कुठल्याही संघाचे सर्वाधिक. त्यानंतर पिचर क्रोशे विकला, तोही पुन्हा बॉस्टनलाच. ओसी मिळायच्या आत इमारत पाडून दुसरी बांधायला काढली!

विकत घेतलेलं पोर मोठं होऊन कसं निघेल हे कोणी सांगावं? मोंकाडाकडे बघून आम्ही काय काय स्वप्नं रंगवली होती.

अ‍ॅनहाइमकर
तुमचं दुःख कळतं, पण ह्यूस्टन बघा ना. २०१३ मध्ये १११ पराभव, २०१७ मध्ये वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपद. (त्या वर्षी प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरल्या, मान्य, पण आल्टुव्हे-कोरेयासारखी पोरं काही चोरून आणली नव्हती.) कब्जने २०१२ मध्ये १०१ सामने गमावले आणि २०१६ मध्ये १०८ वर्षं अजिंक्यपद न मिळाल्याचा शाप धुतला.

तिसरा_बेस
ते दार आता बंद झालंय. तेव्हा सगळ्यात वाईट संघाला पुढच्या ड्राफ्टमध्ये पहिला क्रमांक ठरलेलाच असायचा, म्हणून तळ गाठण्यात फायदा होता. २०२३ च्या ड्राफ्टपासून पहिले सहा क्रमांक लॉटरीने ठरतात. शिवाय महसूल-वाटपात पैसे घालणाऱ्या मोठ्या शहरांतल्या संघांना लॉटरीतला क्रमांक सलग दोन वर्षं मिळत नाही. एंजल्सना २०२५ मध्ये दुसरा मिळाला होता. आता १२० सामने हरून दाखवलंत तरी पहिल्या क्रमांकाची हमी नाही. तेलही गेलं, तूपही गेलं.

पॅव्हेलियन_एंड
मी क्रिकेटवाला, सहज डोकावलो. हरणाऱ्याला बक्षीस? आमच्या रणजीत तळाला गेलात तर प्लेट गटात ढकलतात.

तिसरा_बेस
इथे ढकलायला खालचा गटच नाही. त्याचाच तर हा सगळा घोळ.

इर्व्हाइनची_मावशी
तुम्ही मंडळी दुरुस्ती की पुनर्विकास यावर भांडताय, पण बिल्डर कोण ते कुणी विचारतच नाही. आर्टी मोरेनोंनी २००३ मध्ये संघ घेतला. २०२२ मध्ये विकायला काढला, २०२३ च्या जानेवारीत विचार बदलला. ओहतानीला न विकण्याची हौस त्यांचीच होती. ज्या माणसाला एका जुलैत धीर धरवत नाही तो चार वर्षं धरणार? आणि त्याने का धरावा? एवढं हरूनही २०२३ ते २०२५ दर मोसमात पंचवीस लाखांहून जास्त लोक स्टेडियममध्ये गेले. आमच्या घरातलेच चार धरा त्यात.

माझं मत विचाराल तर नेटो ठेवा, शॅन्युएल ठेवा, दोन चांगले पिचर घ्या. कॅन्सस सिटीने २०२३ मध्ये १०६ सामने गमावले होते. हिवाळ्यात लूगो आणि वाखा घेतले आणि पुढच्या वर्षी प्लेऑफमध्ये! काही पाडावं लागलं नाही.

अ‍ॅनहाइमकर
मावशी, त्यांच्याकडे बॉबी विटसारखा तारा होता. तो आला २०१९ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर, म्हणजे आदल्या वर्षी १०४ सामने हरल्यामुळेच. आडात होतं म्हणून पोहऱ्यात आलं. आपल्या आडात काय आहे?

इर्व्हाइनची_मावशी
नेटो आहे. तोच तर तुम्ही विकायला निघालात!

अ‍ॅनहाइमकर
बरं, नेटोचं मागे घेतो. बाकीचं नाही.

दक्षिण_शिकागो
आणि ट्राउटचं काय करणार? २०३० पर्यंतचा करार, वर्षाला साडेतीन कोटींच्या वर पगार, वय ३४, आणि त्याच्या संमतीशिवाय विकता येत नाही. पाडकामात मधोमध एक बिऱ्हाड हलायलाच तयार नसेल तर?

अ‍ॅनहाइमकर
त्याला हलवा असं माझ्याच्याने म्हणवत नाही. हा माझ्या म्हणण्यातला कच्चा दुवा, कबूल.

इर्व्हाइनची_मावशी
मग एप्रिलची तिकिटं काढताय की निषेध म्हणून घरी बसणार?

अ‍ॅनहाइमकर
काढणार. पण मागच्या वर्षी ट्राउट राइट फील्डला (मैदानाच्या उजव्या टोकाला) खेळणार म्हणून मुद्दाम त्या बाजूची काढली होती. मे महिन्याची. एप्रिलअखेर त्याचा गुडघा गेला, परतला तो नुसता बॅटिंगपुरता. मुलगी नऊ डाव त्याच्या जागी आलेल्या सोलेरची पाठ बघत बसली. या वेळी डगआउटच्या वरची बघतोय, बाहेर आला तर निदान दिसेल तरी.