गोळी चालू आहे, पण चालत नाही: तुमचे अनुभव सांगा

जिरावन
परवा मावसबहिणीचा देवासहून फोन. "ताई, गोळी चालू आहे गं, पण चालत नाहीये." हसले आणि लगेच पोटात गोळा आला, कारण हे सगळं माझं होऊन गेलंय.

माझी डिप्रेशनची गोळी, एस्सिटॅलोप्राम १० मिग्रॅ. वर्षानुवर्षं छान चाललं होतं. मग एका पावसाळ्यात कीस करायला भुट्टे आणले. ओट्याखाली जाळीच्या पिशवीत पडून राहिले. रोज दिसायचे, रोज वाटायचं उद्या किसू. दाणे आक्रसून गेले तेव्हा सासूबाईंनी काही न बोलता गायीला घातले. आमच्या घरी कीस म्हणजे मीच, त्यामुळे काहीतरी बिनसलंय हे नवऱ्याला आधी कळलं, मला नंतर. रडू वगैरे काही नव्हतं हो. नुसतं सपाट.

डॉक्टरांनी मात्रेला हात लावायच्या आधी भरपूर चौकशी केली. गोळ्या चुकतात का, कंपनी बदलली का, दुसरं कुठलं औषध सुरू झालंय का, झोप कशी आहे. मग थायरॉईड, बी१२, हिमोग्लोबिन. टीएसएच (थायरॉईडच्या तपासणीतला आकडा) चांगलंच वाढलेलं निघालं, म्हणजे थायरॉईड मंदावलेलं! म्हणजे बिचाऱ्या गोळीवर अर्धा आळ उगाचच होता. थायरॉईडची गोळी सुरू झाली आणि ही २० वर गेली. सावकाश फरक पडला.

ज्यांच्यावर ही वेळ आली त्यांनी लिहा. "मन रमवा" छाप सल्ले नकोत, ते घरात फुकट मिळतात.

राजवाडा ते रीगल
भिया लोक, माझं ऐका. रोज सकाळी गोळी आणि रात्री दोन पेग. डॉक्टर म्हणाले, खालची तोटी उघडी ठेवून टाकी भरताय. पेग सुटायला वेळ लागला, पण सुटले. औषध तेच, मात्रा तीच, आता लागू पडतंय. गेरच्या (रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या) दिवशी मित्र पाठ सोडत नाहीत, म्हणून रंगपंचमीला सरळ सासुरवाडी गाठतो. सासरे खूश.

बिनसाखरेची
@जिरावन, कीसात दूध किती घालता? माझा गिच्च होतो.
विषयाचं: सर्ट्रालिन ५० वर मस्त होते. पाळी पुढेमागे व्हायला लागली आणि सगळं बोंबललं. रात्री घामाघूम, तीन वाजता टक्क जागी. मी तर बोलली डॉक्टरला, औषध एक्स्पायर झालंय का बघा. त्यांनी आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. दोघांनी मिळून जमवलं. आता १०० वर आहे.

जिरावन
दूध शेवटी, बेतानं. आधी किसाला तुपात चांगलं परतून घ्या.

पाटणीपुरा पासिंग
आमचे आबा, वय सत्तरच्या पुढे. गोळीचा असर कमी वाटला म्हणून मात्रा वाढवली. काही दिवसांनी सकाळी बघतो तर नईदुनिया पेपर उलटा धरून बसलेत, आणि मला काकांच्या नावानं हाक. आम्हाला वाटलं डिप्रेशन वाढलं, घरात एकजण म्हातारपण म्हणाला. रक्त तपासलं तर सोडियम घसरलेलं. डिप्रेशनच्या या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांचं सोडियम उतरू शकतं, त्यात आबांना बीपीची पाणी काढणारी गोळीही होती. वेळीच दाखल केलं. घरी वडीलधारे असतील तर मात्रा वाढल्यावर सोडियम बघायचं का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

सराफ्यात रात्री
बापरे. आबा आता कसे?

पाटणीपुरा पासिंग
ठणठणीत. काल मला पोह्यावरून बोलले.

औषधवाला
(दुकान माझं नाही, नोकरी करतो.) काउंटरवर रोज दिसतं ते सांगतो. "आता फायदा नाही" म्हणून लोक एका दिवसात गोळी बंद करतात. पॅरॉक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन अशी तोडली की चक्कर, मळमळ, डोक्यात झटके. मग म्हणतात जुना आजार उसळला. फ्लुओक्सेटिन शरीरात खूप दिवस रेंगाळतं, त्यामुळे तिथे हा त्रास कमी. पण त्याच कारणानं त्याच्यानंतर काही औषधं सुरू करायला पाच आठवडे थांबावं लागतं. म्हणून बदल डॉक्टरच्या हिशोबानं. आणि दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल लिहून दिलं तर ही गोळी चालू असल्याचं आधी सांगा, दोन्ही मिळून सेरोटोनिन (मेंदूतलं एक रसायन) फार चढू शकतं.

सराफ्यात रात्री
दादा, तुम्ही लपूनछपून डॉक्टर आहात.

औषधवाला
नाही हो, ग्राहकांच्या शिव्या खाऊन शिकलो.

पुणेकर सून इंदूरची
मी मानसोपचारात काम करते, पण इथे कोणाला औषध सांगणार नाही. एवढंच की वर्षानुवर्षं लागू पडलेली गोळी मंदावणं नवीन नाही, त्यात रोग्याचा गुन्हाही नाही. अमेरिकेतल्या स्टार-डी या मोठ्या अभ्यासात (२००६) चार हजारांच्या आसपास रुग्ण होते. पहिल्याच औषधावर लक्षणं जवळपास पूर्ण गेलेले साधारण एक तृतीयांश. पुढच्या टप्प्यांच्या आकड्यांवर नंतर बरेच वाद झाले, तो वेगळा विषय. मात्रा वाढवणं, औषध बदलणं, सोबत दुसरं जोडणं (लिथियम, ॲरिपिप्राझोल, मिर्टाझापिन वगैरे), आणि बोलण्याची थेरपी, हे सगळे रस्ते उरतात. मधूनमधून झोपेविना उधळलेला, पैसे उडवणारा काळ येत असेल तर तोही सांगा. तेव्हा निदानच पुन्हा तपासावं लागतं.

बिनसाखरेची
पैसे उडवणारा काळ म्हणजे एमटी क्लॉथ मार्केट 😄

लोकमान्यनगर
मी सगळं वाचते, लिहीत नाही. आज लिहिते. माझं अजून जमलेलं नाही. दोन गोळ्या बदलून झाल्या. तिसरी मिर्टाझापिन, झोप येते पण वजन इतकं वाढलं की ब्लाउज एकही होत नाही. आई म्हणते खजराण्याला चार बुधवार कर. केले. गणपतीला काय बोलू, मलाच कळत नव्हतं. डॉक्टर घाईत असतात, तोंड उघडायच्या आत पुढचा पेशंट आत. आता पुन्हा नव्यानं सगळं सांगायचा कंटाळा आलाय. कधीकधी वाटतं नकोच हे.

राजवाडा ते रीगल
ताई, "नकोच हे" म्हणजे गोळ्या नकोत की जगणं? सरळ विचारतो, रागावू नका.

लोकमान्यनगर
बहुतेक गोळ्या. काल रात्री मात्र दुसरं.

पुणेकर सून इंदूरची
लिहिलंत ते फार बरं केलंत. आत्ताच घरात आईला सांगा, "काल रात्री मरायचे विचार आले," याच शब्दांत. गोळ्यांचा डबा आईकडे द्या. १४४१६ टेली-मानस, सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, भाषा निवडता येते. विचार पुन्हा जोर करू लागले तर फोनवरही थांबू नका, थेट एमवाय हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत. सोबत कोणी आहे?

लोकमान्यनगर
आई आहे. स्वयंपाकघरात.

जिरावन
आधी आईकडे जा, मग इथे लिही. मी तिलकनगरला राहते, दूर नाही.

सराफ्यात रात्री
वाट बघतोय सगळे.

लोकमान्यनगर
सांगितलं. आई आधी चिडली, मग रडली. डबा तिनं घेतला. १४४१६ वर बोलले. बाई शांतपणे ऐकत होती, मध्ये तोडलं नाही. उद्या सकाळी दाखवायला जायचं ठरलंय, मामा येतोय.

राजवाडा ते रीगल
शाब्बास. मामाला गाडी लावायला जागा मिळणार नाही, रिक्षा करा.

जिरावन
मी येते सोबत, नाही म्हणू नकोस. एक काम कर, आईला बसवून एका कागदावर लिहून ठेवा: कुठली गोळी, किती मिग्रॅ, साधारण किती महिने, का बंद केली. आणि कालचं अगदी वर, पहिल्या ओळीत. कागद टेबलावर ठेवायचा, मग डॉक्टर किती का घाईत असेनात.

लोकमान्यनगर
जुन्या चिठ्ठ्या सापडत नाहीत. रिकाम्या स्ट्रिपा आहेत एका पिशवीत, टाकल्याच नव्हत्या.

औषधवाला
स्ट्रिपा तर चिठ्ठीपेक्षा बऱ्या, अक्षर लागतं. पिशवी तशीच न्या.