मदत हवी: नमुना काढला तरी ईएसआर रेझोनेटर सिग्नल देतोय, पाणी कुठे मुरतंय?

ईएसआर म्हणजे इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स: नमुन्यावर मायक्रोवेव्ह सोडून चुंबकीय फील्ड बदलत न्यायचं आणि शोषणाची रेषा कुठे येते ते पाहायचं. माझा स्फटिक जेमतेम ०.२ मिमीचा. नेहमीच्या एक्स-बँड (साधारण ९-१० गिगाहर्ट्झ) कॅव्हिटीत, म्हणजे मायक्रोवेव्ह साठवणाऱ्या धातूच्या डबीत, तो म्हणजे रांजणात मोहरी; फिलिंग फॅक्टर (मायक्रोवेव्ह फील्डपैकी नमुन्याच्या वाट्याला येणारा हिस्सा) जवळपास शून्य. म्हणून सर्किट बोर्डावर मायक्रोस्ट्रिपचा (बोर्डावरच्या सपाट तांब्याच्या पट्टीचा) ओमेगाच्या आकाराचा लूप करून घेतला, आतला व्यास अर्धा मिमी. क्यू (रेझोनेटर ऊर्जा किती टिकवतो त्याचा आकडा) फक्त ६० (कॅव्हिटीचा काही हजार असतो). पण सिग्नल ठरतो क्यू आणि फिलिंग फॅक्टरच्या गुणाकारावर, त्यामुळे एवढ्याशा नमुन्याला लूपच परवडतो.

नेटवर्क ॲनालायझरवर ९.४२ गिगाहर्ट्झला परावर्तनात उणे ३० डेसिबलची सुरेख दरी दिसते. डीपीपीएचचा (रेषेची जागा माहीत असलेला प्रमाण नमुना) कण ठेवला, रेषा ३३६ मिलिटेस्लाला, म्हणजे हवी तिथेच. मी खूश. मग सहज कण काढून रिकाम्या बोर्डाचा स्वीप घेतला, तर २०० मिलिटेस्लाच्या आधीपासून सुरू होणारं भलंमोठं कुबड! डीपीपीएचची रेषा इतके दिवस त्याच्याच उतारावर बसली होती. शिवाय बेसलाइन कललेली, आणि कमी फील्डला चढता-उतरता वक्र (फील्ड वाढवताना आणि कमी करताना घेतलेले) एकमेकांवर बसत नाहीत.

मॉड्युलेशन (मुख्य फील्डवर चढवलेलं छोटं डुलतं फील्ड) १०० किलोहर्ट्झवरून १० वर आणलं. कल बराच कमी झाला, कुबड जवळपास तसंच. ग्राउंड प्लेनमधले (बोर्डामागच्या तांब्याच्या थरातले) एडी करंट, म्हणजे बदलत्या फील्डमुळे धातूत भोवऱ्यासारखे फिरणारे करंट, असतील का?

प्रतिसाद १:
बोर्डाला सोन्याचा मुलामा आहे का?

धागाकर्ता:
हो, तांबं काळं पडू नये म्हणून मुद्दाम मागवला.

प्रतिसाद १:
मग घात तिथेच. ते सोनं नावालाच, मायक्रॉनच्या दहाव्या हिश्शाएवढं किंवा त्याहून कमी. खाली निकेलचा काही मायक्रॉनचा थर असतो. या फ्रिक्वेन्सीला तांब्यात स्किन डेप्थ (करंट पृष्ठभागापासून जेवढा आत शिरतो ती खोली) ०.७ मायक्रॉनच्या आत, आणि स्ट्रिपमधला करंट कडांवर गर्दी करतो. नेमक्या त्याच कडा निकेलने मढवलेल्या. त्यात मिसळलेला फॉस्फरस कमी असेल तर ते निकेल चक्क फेरोमॅग्नेटिक, लोखंडासारखं. चढता-उतरता वक्र जुळत नाहीत ते त्यामुळेच असावं, एडी करंटने तसं होत नाही. क्यूसुद्धा त्यानेच खाल्ला असणार. पुढचा बोर्ड उघड्या तांब्याचा किंवा चांदीच्या मुलाम्याचा घ्या.

प्रतिसाद २:
कल मात्र वेगळं प्रकरण दिसतंय. मॉड्युलेशनमुळे ग्राउंड प्लेनमध्ये एडी करंट फिरतात, मुख्य फील्ड त्यांना ढकलतं आणि बोर्ड थरथरतो. फील्ड वाढलं की थरथर वाढते. बोर्ड घट्ट आवळा, जमल्यास तांबं पातळ घ्या. कनेक्टरही तपासा, स्वस्तातल्यांत लोखंड निघतं.

धागाकर्ता:
कनेक्टरला आत्ताच चुंबक लावून पाहिला. टच्चकन चिकटला! लूपपासून ४ सेंमीवर आहे. आधी तो बदलू की बोर्ड?

प्रतिसाद १:
आधी कनेक्टर, अर्ध्या तासाचं काम. पण दोन्ही एकदम बदलू नका, नाहीतर चोर कोण होता ते कळायचंच नाही. आणि रिकाम्या बोर्डाचा स्वीप दोन्ही वेळा इथे टाका.