मदत हवी आहे: आई-बाबांना घेऊन कोलोरॅडो स्प्रिंग्ज, पाइक्स पीकवर न्यावं का?

नमस्कार मंडळी. जुलैमध्ये आई-बाबा पुण्याहून येतायत, त्यांना घेऊन अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्जला जायचं ठरतंय. बाबा ७१ वर्षांचे, बीपीची गोळी चालू आहे. आई तशी ठणठणीत, पण गुडघे कुरकुरतात.

खरी काळजी उंचीची. गावच मुळात सहा हजार फुटांवर, म्हणजे कळसूबाईच्याही वर, आणि शेजारच्या पाइक्स पीक डोंगराचा माथा १४,११५ फूट! डॉक्टरांना विचारणारच आहे, पण ज्यांनी घरातल्या ज्येष्ठांना वर नेलंय त्यांचा अनुभव हवाय. आधी खाली एक-दोन दिवस मुक्काम केला तर पुरतो का? वर किती वेळ थांबलात? दम लागला, डोकं दुखलं का?

दुसरं, मॅनिटू स्प्रिंग्जहून निघणारी दात्यांच्या रुळांवरची रेल्वे घ्यावी की स्वतः गाडी चालवत जावं? रेल्वेत बसून निवांत बघता येतं, पण जाऊन-येऊन तीन तासांच्या वर लागतात आणि डब्यात शौचालय नाही. बाबांसाठी हा मुद्दा छोटा नाही. गाडी असेल तर त्रास झाल्यावर लगेच खाली वळता येईल, पण घाटात माझीच तंतरते. शिवाय दुपारी विजांचा पाऊस येतो म्हणतात, तेव्हा सकाळी किती वाजता निघावं?

गार्डन ऑफ द गॉड्स नक्की आहे. लाल खडक, सपाट फरसबंद वाट, प्रवेश फुकट, आई खूश. सेव्हन फॉल्स धबधब्याच्या २२४ पायऱ्या मी आधीच कटाप केल्यात.

आणि हो, तिथे बरं शाकाहारी जेवण कुठे मिळेल? दोघंही अंडं खात नाहीत.