सीताबर्डीच्या लढाईला किती तिखटमीठ चालतं?

महालवाली:
दिवाळी अंकासाठी कथा लिहितेय. 26 नोव्हेंबर 1817, नागपूरची सीताबर्डी, इंग्रजांशी लढाई. नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले, त्यांच्या फौजेतला एक अरब शिपाई अमावास्येच्या मिट्ट काळोखात किल्ल्याचा बुरूज चढतो, असा प्रसंग आहे. शिपाई माझ्या मनातला. भाऊजी वाचून म्हणाले, "इतिहासात असं कुठं आहे?" कुठं नसेल तर लिहूच नये का?

बर्डीकर:
शिपाई बिनधास्त ठेवा, ताई. त्या पलटणीतल्या एकेकाचं नाव कोणी लिहून ठेवलंय? पण बुरूज पाडा. किल्ला इंग्रजांनी लढाईनंतर बांधला. तेव्हा नुसत्या दोन टेकड्या, एक मोठी, एक लहान. अमावास्याही काढा. त्रिपुरी पौर्णिमा होऊन दोन-तीनच दिवस झाले होते. संध्याकाळी गोळीबार सुरू झाला तेव्हा अंधारलं असेल, पण थोड्या वेळानं चांगला मोठा चंद्र वर आला असणार. उलट बरंच झालं. चांदण्यात टेकडी चढणारा वरच्याला दिसतो, यात काळोखापेक्षा जास्त धडकी भरते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अरबांनी लहान टेकडी घेतली. मग त्यांच्यातच दारूगोळ्याचा स्फोट झाला नि त्या गोंधळात इंग्रजांच्या पलटणीनं ती परत घेतली. तुमच्या शिपायाला तिथं उभा करा. बधिर झालेले कान, जळक्या दारूचा वास, मुंडाशावर पडलेली माती, सगळं तुमचं. टेकडी तेवढी त्याच्या हातून जाऊ द्या.

तर्रीपोहे:
राजेहो, इंग्रजांची फौज चौदाशेच्या आसपास नि समोर अठरा हजार, हे आकडे जिंकणाऱ्यांकडूनच आले ना? त्यांनी तिखटमीठ लावलं तर तो वृत्तांत, मग ताईनं लावलं तर खोटं काहून?

बर्डीकर:
आकडा कथेत हवाच कशाला? शिपायाला टेकडीवरून जेवढे दिसले तेवढेच लिहा.

महालवाली:
चंद्र घेतला. शेवटी आप्पासाहेब कैदेतून शिपायाच्या वेषात निसटतात, असं आजी सांगायची. ते घातलं तर फार सिनेमा वाटेल का?

बर्डीकर:
अहो, ते तर खरंच घडलं! मे 1818, अलाहाबादेला नेत असताना, जबलपूरच्या बाजूला. पहाऱ्यावरचे शिपाई फितवले होते. तिथं रंग भरू नका, एका ओळीत उरका. नाहीतर भाऊजी नेमकं तेवढंच खोटं म्हणतील.