मदत हवी आहे: हिमोग्लोबिन १३.१, फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा) ९. प्लेटलेट देणं थांबवू का?

नमस्कार मंडळी. मी सावंतवाडीजवळचा, वय ४१, ओ पॉझिटिव्ह. पावसाळ्यात डेंग्यू-लेप्टोचे पेशंट वाढले की आमच्या ग्रुपवर "एसडीपी तातडीने हवे" (एसडीपी म्हणजे एकाच दात्याकडून मशिनवर काढलेल्या प्लेटलेट) असे मेसेज फिरायला लागतात. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या पोरासाठी पहिल्यांदा गोव्यात जाऊन प्लेटलेट दिल्या, तेव्हापासून माझा नंबर सगळ्यांकडे आहे. गेल्या १२ महिन्यांत १४ वेळा दिल्या, शिवाय गावच्या शिबिरात दोनदा रक्तदान. नियम मोडलेला नाही. दोन खेपांमध्ये किमान ४८ तास, आठवड्यात जास्तीत जास्त दोनदा, वर्षात २४ वेळा, एवढी मुभा असते.

मार्चपासून मला बर्फ खायची चटक लागलीय. सरबतातला नव्हे, नुसता. ट्रे पिळायचा, वाटीत काढायचा आणि कडाकडा चावायचा. बायको म्हणाली, दाताच्या डॉक्टरला पैसे द्यायची हौस आली असेल तर सांग. मग रात्री पाय स्वस्थ राहीनात, सारखे हलवावेसे वाटतात. घराची घाटी चढताना मध्येच थांबावं लागलं तेव्हा आई म्हणाली, "रगात देऊन देऊन सुकलंस मेल्या." मी हसण्यावारी नेलं, कारण हिमोग्लोबिन दर वेळी पास. १२.५ लागतं, माझं १३ च्या खाली कधी गेलं नाही.

शेवटी आमच्या डॉक्टरांनी फेरिटिन करायला लावलं. ९ आलं. म्हणाले, १५ च्या खाली म्हणजे लोहाचा साठा संपल्यातच जमा. प्लेटलेटच्या आधी सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) होतोच, म्हणून जुने कागद काढले. एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, जो लोह कमी पडलं की घटतो: ८८, मग ८४, मग ७९. कागद माझ्याच कपाटात होते, पण कोणी बोललं नाही आणि मीही कधी बघितलं नाही.

मला कळत नाही ते हे: मशिन प्लेटलेट काढून लाल पेशी परत देतं ना? मग लोह गेलं कुठे? दुसरं, लोहाची गोळी चालू असताना प्लेटलेट देता येतात का? सध्या रात्री दुधाबरोबर गोळी घेतो. गणपतीनंतर फोन सुरू होतील, आणि 'नाही' म्हणायला मला जमत नाही, खरं सांगतो.

प्रतिसाद
दादा, मी लॅबमध्ये काम करते म्हणून लिहितेय. परत मिळतं ते जवळजवळ सगळं, अगदी सगळं नाही. नळ्यांत आणि किटमध्ये थोडं रक्त राहतंच, वर प्रत्येक खेपेला तपासणीच्या ट्यूब. एका वेळी किरकोळ, पण १४ वेळा? आणि तुमची दोन रक्तदानं विसरू नका. ३५० मिलीच्या पिशवीतून साधारण पावणेदोनशे मिलिग्रॅम लोह जातं. जेवणातून शरीर दिवसाला शोषतं जेमतेम १-२ मिलिग्रॅम, आणि त्यातलंही बरंचसं रोजच्या झिजेत खर्च होतं.

हिमोग्लोबिन बघून फसायला होतं. डब्यात तांदूळ दिसतोय तोवर कणगीत कोण डोकावतंय? शरीर आधी कणगी रिकामी करतं, हिमोग्लोबिन उतरतं ते नंतर. ती बर्फाची चटक आणि पायांची वळवळ, दोन्ही लोहाच्या कमतरतेत दिसतात.

दूध मात्र आजच बंद करा! कॅल्शियम लोहाला अडवतं. प्लेटलेट देताना ओठांना मुंग्या येतात म्हणून कॅल्शियमची गोळी देतात, तीही लोहाच्या गोळीबरोबर नको. लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा तासभर लांब. रोज की एक दिवसाआड, हे डॉक्टरांना विचारा. काहींना एक दिवसाआड घेतलेली जास्त अंगी लागते.

आणखी एक. पुरुषाचं फेरिटिन ९ आलं तर सगळं खापर दानावर फोडून मोकळं होऊ नका. मूळव्याध आहे का? शौचाची तपासणी करा. शेतात अनवाणी उतरत असाल तर हुकवर्मही (आतड्यातला जंत) असू शकतो, तोही रक्तच पितो.

प्रतिसाद
रत्नागिरीहून. मीपण ह्याच वाटेने गेलोय, माझं ११ होतं. बीट, खजूर, गूळ सगळं करून पाहिलं, खाऊन साठा भरत नाही हो. घरात नाचणी खा म्हणतात, पण तिच्यात नाव घ्यावं ते कॅल्शियमचं. तिसऱ्या (शिंपल्या) आणि कलेजी बऱ्या, तरी गोळीला पर्याय नाही. शौच काळी होते, घाबरू नका. बर्फ दोन आठवड्यांत सुटला, फेरिटिन वर यायला मात्र पाच महिने लागले. तेवढे महिने मी थांबलो. रक्तपेढीत आकडा सांगून टाका, त्या स्वतःच थांबवतील, तुम्हाला 'नाही' म्हणावंच लागणार नाही.

धागाकर्ता
ताई, दादा, आभार. मूळव्याध नाही, पण लावणीला अनवाणीच असतो, तपासणी उद्याच देतो. दूध बंद, लिंबू सुरू. काल रात्री एक फोन आला, मी फेरिटिनचा आकडा सांगितला आणि मेव्हण्याचा नंबर दिला. तोही ओ पॉझिटिव्ह, गेल्या वर्षभरात एकदाच दिलंय. तो आता माझ्याशी बोलत नाहीये.