विशनसर-गंगाबलला ट्राउट: ओढ्यावरचं सामान तळ्यावर चालेल का?

चारतुकडी: ऑगस्टअखेरीस काश्मीरमधला सोनमर्ग ते नारानाग ट्रेक आहे, वाटेत विशनसर, गंगाबल ही तळी लागतात. तिथे फ्लाय (किड्यासारखा दिसणारा गळ) टाकून ट्राउट मासे धरायचे आहेत. ओढ्यांवर ९ फुटी, ५ वेटचा (मध्यम वजनाची लाइन फेकणारा) रॉड आणि फ्लोटिंग (पाण्यावर तरंगणारी) लाइन वापरतो. तळ्यासाठी काय बदलू? उभं कुठे राहायचं? पाठीवरचं ओझं फार वाढवायचं नाहीये.

गळकरी: रॉड तोच ठेवा. जादा स्पूलवर (रिळावर) इंटरमीजिएट, म्हणजे हळू बुडणारी लाइन मात्र न्याच, ती नसेल तर अर्धं तळं हातचं जातं. ही लाइन सेकंदाला दीड-दोन इंच बुडते, म्हणजे वीस आकडे मोजले की फ्लाय तीनेक फूट खाली. दर कास्टला (फेकीला) आकडे मोजा. ज्या आकड्यावर मासा लागला तोच पुढे धरा.

ओढ्यात पाणी खाणं घेऊन माशाकडे येतं, तळ्यात मासाच खाणं शोधत काठाने फिरतो. म्हणून आल्या आल्या पाण्यात पाय घालू नका. पोलराइज्ड चष्मा लावून दहा मिनिटं काठापासून मागे बसा. हिरवट उथळ पाणी जिथे एकदम काळंनिळं होतं ती कड आणि ओढा तळ्यात शिरतो ते तोंड, या दोन जागा आधी बघा. मासा दिसला तर फ्लाय त्याच्या वाटेवर दोन-तीन मीटर पुढे टाका. डोक्यावर पडली की तो गेलाच.

चारतुकडी: फ्लाय कोणत्या? टिपेट (फ्लाय बांधतो तो टोकाचा बारीक धागा) किती?

गळकरी: या फ्लाय घ्या (नंबर गळाचा, आकडा मोठा तितका गळ लहान): ऑलिव्ह वुली बगर ८-१० नंबर, फेझंट टेल १४, काळी मिज प्युपा (डासासारख्या किड्याच्या कोषाची नक्कल) १६, वर तरंगायला ॲडम्स १४. एवढ्यावर भागतं. लीडर (लाइन आणि टिपेटमधला निमुळता धागा) १२ फूट, टिपेट ५एक्स, बगरला ४एक्स (आकडा मोठा तितका धागा बारीक). प्युपा जवळपास स्थिरच ठेवायची, बोटांत लाइन आठाच्या आकड्यात हळूहळू गोळा करत. रॉडचं टोक पाण्याला टेकलेलं हवं. वर धरलं की लाइनला झोळ पडतो आणि चावा कळतच नाही.

वाराबघा: दुपारी वारा चढतो, म्हणून सकाळ सोडू नका. वाऱ्यात लीडरला आपोआप गाठी बसतात, गाठीपाशी टिपेटची ताकद जवळपास निम्मी होते. दिसली की तेवढा तुकडा बदला. मागे चढ असेल तर रोल कास्ट करा (लाइन मागे न झोकता पुढेच लोळवत फेका), नाहीतर बॅककास्टमध्ये, म्हणजे लाइन मागे झोकताना, फ्लाय खडकावर आपटून गळाचं टोक मोडतं. चावे येतात पण मासा लागत नाही, असं झालं तर आधी टोक नखावर घासून बघा. घसरलं तर बोथट आहे.

काठावरचा: मत्स्य विभागाचा परवाना निघण्याआधीच काढा, तळ्यावर मिळणार नाही. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका. माशाला धरण्याआधी हात ओले करा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. फोटो काढायचा तर मासा पाण्यातच असू द्या. सोडताना शेपटीपाशी सैल धरा आणि तो स्वतः झटका देऊन जाईपर्यंत थांबा.