टनाच्या घरातलं जनावर उडी मारतं का? मी म्हणतो मारतं

रानवाट_गगनबावडा: परवा कोल्हापुरात गंगावेशीत दूध कट्ट्यावर एकजण छातीठोक सांगत होता, हजार किलोचं जनावर उडी मारूच शकत नाही, हाडं मोडतील, त्यामुळं गवा आला तर गडग्याआड, म्हणजे दगड रचलेल्या बांधाआड, उभं राहायचं, काय होत नाही. हे लई धोक्याचं बोलणं आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या उसाच्या कडेला बॅटरीच्या उजेडात गवा बघितलाय मी, मोजे घातल्यासारखे खालनं पांढरे पाय लख्ख दिसत होते. गडगा माझ्या छातीएवढा. धावत बिवत आला नाही, उभ्या जागेवरनं पुढचे पाय उचलले, मागचे मुडपले की पलीकडं! वरचा एक दगड तेवढा घसरला. सकाळी बघतोय तर चिखलात खुरं वीतभर रुतलेली. मोठा नर हजार किलोपर्यंत भरतो, मोडली का हाडं?

पेठेतला_मास्तर: गवा मान्य भावा, पण तो माणूस अगदीच चुकला नाही. जनावर सगळ्या बाजूंनी दुप्पट केलं की वजन आठपट होतं आणि हाडाचा आडवा छेद चारपटच, म्हणजे हाडावरचा भार वाढतच जातो. हत्ती बघ, थायलंडमधल्या हत्तींवरचा अभ्यास २००३ मध्ये आला, ताशी २५ किलोमीटरनं पळताना पण चारी पाय एकदम सुटले नाहीत. वजनापुढं कुणाचं चालत नाही.

रानवाट_गगनबावडा: नुसतं वजन नव्हे ओ मास्तर, पायाची ठेवण! हत्तीचे पाय खांबासारखे सरळ, घोटा फारसा वाकत नाही, मग जोर घेणार कुठनं? गव्याचा मागचा पाय विळ्यासारखा मुडपलेला. आफ्रिकेतलं एलंड हरीण घ्या, नर ९०० किलोपर्यंत जातो तरी अडीच मीटरचं कुंपण टपतो. आणि गेंडा दोन टनाचा असून चौखूर उधळतो.

पेठेतला_मास्तर: उधळणं म्हणजे उडी नव्हे. पाणघोडा जोरात दुडकताना क्षणभर चारी पाय हवेत असतात असं २०२४ च्या अभ्यासात दिसलं, म्हणून काय तो कुंपण टपतो का? आडवं आलेलं ओलांडलं तर उडी. दोन टनाच्या वरचं एक तरी सांग.

कृष्णाकाठ_७: हंपबॅक देवमासा! तीस टनाचं धूड पाण्याबाहेर झेपावतं.

पेठेतला_मास्तर: त्याला वेग घ्यायला खाली अख्खा समुद्र आहे आणि पडतो पण पाण्यातच. जमिनीवरचं सांगा.

काजूबाग_आजरा: आमच्याकडं कर्नाटकातनं हत्ती येतात. तो टपत नाही म्हणूनच हत्तीसाठी खंदक मारतात, पण म्हणून निवांत झोपायचं नसतं, कडेची माती पायानं ढासळून उतार करतो आणि निवांत पलीकडं येतो. उडी येत नाही म्हणजे अडतो असं नव्हे.

रानवाट_गगनबावडा: दोन टनाच्या वरचं सोडलं मास्तर, तिथं तुमचं बरोबर. पण आपल्या भागात रोज गाठ पडते ती गव्याशी, आणि पोरं गडग्याआडनं मोबाईल धरून उभी राहतात त्याचं काय?

पेठेतला_मास्तर: ते मात्र खरं. कट्ट्यावर उद्या मी पण येतो, त्या गड्याला सांगूया. तेवढा तो गडगा टेपनं मोजून आण, छातीएवढा म्हटलं की कोण ऐकणार नाही.